व्हिएतनाम, अकरा पॉलिसी आणि एक ‘इतर’

व्हिएतनामला जायचं हे आमच्या घरात माशामुळे ठरलं. सुनंदा, म्हणजे माझी बायको, मोबाईलवर कुठलासा व्हिडिओ बघत होती. हनोईच्या बाजारात एक बाई उकिडवी बसून, थेट आपल्या जिताड्यासारखा दिसणारा मासा सपासप कापत होती आणि गिऱ्हाइकावर खेकसत होती. सुनंदा म्हणाली, "ही माणसं आपली आहेत." चौतीस वर्षांच्या संसारात तिने माझ्या नातेवाइकांबद्दलही इतक्या खात्रीने असं कधी म्हटलं नव्हतं. मी त्याच आठवड्यात तिकिटं काढली.

आम्ही करंजाड्याला राहतो. मी उरणच्या बाजूला बंदरात नोकरीला होतो, कंटेनरचे कागद तपासायचो. आयुष्यभर दुसऱ्यांच्या फॉर्ममधल्या चुका काढल्या, त्यामुळे कागदाच्या बाबतीत माझा स्वतःवर फार विश्वास. निवृत्त होऊन दोन वर्षं झाली. मुलगी टोरांटोला. तिच्याकडे जायचं तर तिला रजा नसते, आणि तिला रजा असते तेव्हा तिकडे बर्फ असतं. म्हणून पहिला परदेश प्रवास व्हिएतनाम.

तिकिटं दहा मिनिटांत झाली. ई-व्हिसा अर्ध्या तासात भरून झाला. पंचवीस डॉलर लागतात, मागे पांढरी भिंत असलेला फोटो लागतो, आणि नाव पासपोर्टवर आहे तसंच लिहावं लागतं. प्रवास विम्याला मात्र तीन आठवडे लागले. व्हिएतनामला तो सक्तीचा नाही. पण सक्ती नसलेली गोष्ट मनापासून करायची ही माझी जुनी सवय आहे, सुनंदा तिला खोड म्हणते.

मी अकरा पॉलिसींचा तक्ता केला. चौदा रकाने. ज्यांना फक्त नावेतले फोटो बघायचेत त्यांनी हा भाग सोडून खाली जावं, पण तुम्ही साठीच्या आसपास असाल तर थांबा. पहिली गोष्ट, वर मोठ्या अक्षरात लिहिलेला पन्नास हजार डॉलरचा आकडा बघून भाळू नका. साठीच्या पुढच्यांसाठी बऱ्याच पॉलिसींत खोलीचं भाडं, सर्जनची फी, अतिदक्षता विभाग यांच्या वेगळ्या मर्यादा असतात आणि त्या बारीक अक्षरात असतात. तो तक्ता मागून घ्या. दुसरी गोष्ट, सामान हरवणं आणि सामान उशिरा येणं यांचे पैसे वेगवेगळे मिळतात. तिसरी गोष्ट, विमानाचं अपहरण झालं तर दिवसाला ठरावीक भत्ता मिळतो. हे मी सुनंदाला वाचून दाखवलं.

"म्हणजे जास्त दिवस पळवून ठेवलं तर आपला फायदा?" ती म्हणाली.

"त्यालाही मर्यादा आहे. पाच दिवस."

"मग सहाव्या दिवशी त्यांना सांगायचं, सोडा आता."

पार्थिव मायदेशी आणण्याचा खर्च हाही एक रकाना होता. त्यात सगळ्यात उदार पॉलिसी तक्त्यात पाचव्या क्रमांकावर होती, आणि मी तिच्यापाशी जरा जास्तच रेंगाळलो असं सुनंदाचं म्हणणं. तिने तक्ता वरपासून खालपर्यंत पाहिला, चष्मा काढला आणि विचारलं, "सगळं बरोबर आहे. पण तिथे काही झालं तर इथे फोन कोण उचलणार?"

असा रकाना नाही, असं मी तिला सांगितलं.

पॉलिसी अखेर इक्बालभाईंकडे काढली. पनवेलच्या जुन्या भागात, एसटी स्टँडच्या मागच्या गल्लीत त्यांचं दुकान आहे. झेरॉक्स, पासपोर्ट फोटो, विमानाची तिकिटं, विमा, सगळं एकाच टेबलावर. त्यांचं निम्मं खानदान मस्कत आणि कुवेतला. त्यामुळे परदेशात काय काय होऊ शकतं याचा अनुभव त्यांना घरबसल्या मिळालेला आहे. माझा तक्ता त्यांनी आदराने पाहिला आणि बाजूला ठेवला.

"शुगर आहे?"

"थोडी."

"थोडी म्हणजे गोळी घेता?"

"दोन."

"मग थोडी नाही ना साहेब. लिहा. चार पैसे जादा जातील. पण उद्या खुदा न करे काही झालं, तर पहिला सवाल हाच येतो."

मला एकाने सांगितलं होतं की शुगर लिहू नका, हप्ता वाढतो. इक्बालभाईंनी त्या एकाची जी संभावना केली ती इथे देता येणार नाही. लिहिली. दोघांचे मिळून आठ दिवसांचे साडेचार हजारांच्या आसपास झाले. हनोईत दोघांनी दोनदा पोटभर जेवून, वर एक मसाज करून घेतला तर एवढेच होतात, हे नंतर कळलं.

मग शेवटचं पान आलं. आपत्कालीन संपर्क. भारतात राहणारी, सोबत प्रवास न करणारी, कधीही फोन उचलेल अशी सज्ञान व्यक्ती.

मी मोबाईल काढला. त्यात सातशेवर नंबर आहेत. बंदरातला माझा जिवलग मित्र रात्री नऊला फोन बंद करून ठेवतो, डॉक्टरांनीच सांगितलंय म्हणे. भाचा फोन उचलत नाही, दोन दिवसांनी अंगठा पाठवतो. सोसायटीचे सेक्रेटरी उचलतात, पण मेंटेनन्सशिवाय दुसऱ्या विषयावर बोलत नाहीत. मी यादी वर-खाली करत राहिलो. साठ वर्षं एकाच तालुक्यात काढून माझ्यासाठी फोन उचलेल असा एक माणूस सापडेना, याची मला त्या दुकानात फार लाज वाटली.

सुनंदाने शांतपणे दहा आकडे सांगितले. तोंडपाठ.

"हा कोणाचा?" इक्बालभाईंनी विचारलं.

"यांच्या मोठ्या भावाचा," ती म्हणाली.

आता दादूसबद्दल सांगणं भाग आहे. आमच्याकडे मोठ्या भावाला दादूस म्हणतात. माझा दादूस म्हणजे जनार्दन, माझ्याहून सहा वर्षांनी मोठा. आमची शेती विमानतळाला गेली आणि बदल्यात करंजाड्याला प्लॉट मिळाला. त्यावर इमारत झाली. लोकांना वाटतं भावाभावांत पैशांवरून वाजतं. आमचं पैशांवरून काडीचंही झालं नाही, वाटण्या अर्ध्या तासात झाल्या. आमचं वाजलं इमारतीच्या नावावरून. दादूस म्हणाला ‘बाळाराम निवास’. सातबारा वडिलांच्या नावावर होता. मी म्हणालो ‘यमुना सदन’. सातबारा कोणाच्याही नावावर असो, गुडघाभर चिखलात उभी राहून लावणी आईनेच केली होती, आणि उन्हाळ्यात मिठागरावर जायची तीही आईच. दोघेही हटलो नाही. मी कोर्टात दावा लावला. निकाल लागेपर्यंत बिल्डरने तात्पुरतं म्हणून ‘ग्रीन व्हिस्टा’ नाव रंगवलं. समोर दुसरी इमारत आहे, ग्रीन म्हणाल तर तिच्या गच्चीवरची ताडपत्री तेवढी.

त्याच इमारतीत दादूस दुसऱ्या मजल्यावर आणि मी तिसऱ्या. सहा वर्षं आम्ही एकमेकांशी बोललेलो नाही. लिफ्टमध्ये तो भेटू नये म्हणून मी जिन्याने जातो.

"तो उचलणार नाही," मी म्हणालो.

"उचलतील," सुनंदा म्हणाली.

इक्बालभाईंनी कॉम्प्युटरवर नात्याची यादी उघडली. पती, पत्नी, आई, वडील, मुलगा, मुलगी, भाऊ, बहीण, मित्र, इतर.

"भाऊ लिहितो," ते म्हणाले.

"इतर लिहा," मी म्हणालो.

इक्बालभाईंनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं, मग सुनंदाकडे पाहिलं. सुनंदा बाहेर रस्त्याकडे बघत होती. त्यांनी ‘इतर’वर टिचकी मारली. आयुष्यभर दुसऱ्यांच्या फॉर्ममधल्या चुका शोधणाऱ्या माणसाने ही नोंद पूर्ण शुद्धीत करून घेतली.

आमचं विमान मुंबईच्या सहार विमानतळावरून होतं. आमच्या भातशेतीवर विमानतळ झालेला असताना आम्ही टॅक्सीने सायन-पनवेल रस्ता पकडून, वाशीचा पूल ओलांडून, चेंबूरला पाऊण तास अडकून दुसऱ्याच विमानतळावर गेलो. निघताना पहिल्या मजल्यावरच्या शेजाऱ्यांनी विचारलं कुठे, दुसऱ्या मजल्याचं दार बंद होतं.

हनोईचे पहिले दोन दिवस असे गेले की विम्याचे पैसे फुकट गेल्याचं मला वाईट वाटू लागलं. जुन्या शहरात राहावं, तलावाच्या जवळ, सगळं पायी होतं. खोली साधारण अडीच हजारांत चांगली मिळते. रस्ता ओलांडायची पद्धत आपल्यापेक्षा वेगळी आहे. तिथे स्कूटरवाले थांबत नाहीत, पण आपण एका चालीने चालत राहिलो तर आपल्याला वळसा घालून जातात. धावायचं नाही आणि मागे तर अजिबात यायचं नाही. पनवेलच्या माणसाला हे न धावणंच जड जातं.

खाण्याबद्दल शाकाहारी मंडळींनी दुसऱ्या ब्लॉगवर जावं. सकाळी फो म्हणजे तांदळाच्या शेवया, हाडांचं पाणी आणि वर मूठभर हिरवा पाला. दीडशे-दोनशे रुपयांत वाडगा भरून मिळतं. सुनंदाने दुसऱ्याच दिवशी मासळी बाजार गाठला. तिने एका विक्रेतीसमोर माशाचे कल्ले उघडून पाहिले, विक्रेतीने तिच्या हातावर चापटी मारली, मग सुनंदाने मराठीत आणि तिने व्हिएतनामीत पाच मिनिटं एकमेकींना सुनावलं. शेवटी विक्रेतीने आतला ताजा मासा काढून दाखवला. घ्यायचा नव्हताच, पण दोघींचंही समाधान झालं. संध्याकाळी अंड्याची कॉफी प्यालो. नाव ऐकून घाबरू नका, चवीला ती खरवसाच्या जवळची आहे.

तिसऱ्या दिवशी निन्ह बिन्हला गेलो. हनोईहून व्हॅनने दोन तास, रस्ता झकास. तिथे चांग आन नावाच्या ठिकाणी तीनेक तास नावेतून फिरवतात, चुनखडीच्या डोंगरांमधून आणि डोंगरांच्या पोटातल्या बोगद्यांतून. तिकीट साडेआठशे रुपयांच्या घरात. नाव वल्हवणारी बाई माझ्याच वयाची असेल. दोन्ही बाजूंना भातखाचरं होती आणि त्यात बायका वाकून काम करत होत्या. मला आईची खूप आठवण येत होती, आणि ती ज्याला सांगावी असं जगात एकच माणूस होतं.

चौथ्या दिवशी मुआची टेकडी होती. पाचेकशे दगडी पायऱ्या, वर ड्रॅगन, खाली नदीचं वळण. आमचा गाईड तुआन, तिशीचा हसरा माणूस, माझ्याकडे बघून म्हणाला, अर्ध्यावर थांबलात तरी चालेल. सहा वर्षांच्या जिन्याच्या जोरावर मी वरपर्यंत गेलो. उतरताना एका कुटुंबाने फोटो काढायची विनंती केली. पाचजण होते, चौकटीत मावेनात, म्हणून मी दोन पावलं मागे सरकलो. त्यातल्या दुसऱ्या पावलाखाली पायरी नव्हती.

फोटो चांगला आला असं तुआनने नंतर सांगितलं.

घोट्याकडे पाहिल्यावर मला कळलं की आता तक्त्याचं काम संपलं आणि पॉलिसीचं सुरू झालं. तुआन आणि त्या कुटुंबातल्या दोघांनी मला उचलून खाली आणलं. तिथल्या दवाखान्यात फळी बांधून दिली आणि हनोईला न्यायला सांगितलं. हनोईच्या रुग्णालयात एक्सरे झाला. घोट्याशेजारचं हाड दोन ठिकाणी मोडलं होतं, धातूची पट्टी आणि स्क्रू बसवावे लागणार होते, सूज वाढायच्या आत. रक्तात शुगर भरपूर चढलेली. विमा कंपनीची हमी आली की शस्त्रक्रिया सकाळीच करू, असं डॉक्टर म्हणाले. मला वेदनेवर सुई दिली आणि मी झोपून गेलो.

इथून पुढचं मी पाहिलेलं नाही. सुनंदा, तुआन, इक्बालभाई आणि वहिनी, म्हणजे दादूसची बायको, यांनी सांगितलेलं जोडून लिहितोय.

सुनंदाच्या मोबाईलला रोमिंग नव्हतं, फक्त रुग्णालयाचं वायफाय. रोमिंग माझ्या फोनला घेतलं होतं, आणि तो टेकडीवरून माझ्याही आधी खाली पोचला होता. कंपनीचा मदतीचा नंबर लागेना. शेवटी तुआनने स्वतःच्या फोनवरून तो लावला, पॉलिसीचा क्रमांक सांगितला आणि आपल्या इंग्रजीत झालेला प्रकार कळवला. तो म्हणाला, साहेब डोंगरावर चढले आणि पडले. शब्दशः खरं होतं. पण पॉलिसीत गिर्यारोहण वगळलेलं आहे. त्यात शुगर चढलेली, म्हणजे जुने कागद बघावे लागणार. कंपनीने तुआनचे आभार मानून फोन ठेवला आणि आपत्कालीन संपर्काला लावला.

आपल्याकडे दुपारचा एक वाजला होता. दादूस जेवत होता.

पहिल्याच रिंगला त्याने उचलला. वहिनी सांगते, हात धुवायलाही उठला नाही, डाव्या हाताने फोन कानाला लावला. कंपनीतली मुलगी मराठीच होती. तिने अपघात सांगितला आणि विचारलं, "ते गिर्यारोहण करत होते का?"

"कोण, सुरेश?" दादूस म्हणाला. "पायऱ्या असतील मॅडम. डोंगर त्याला झेपनार नाय. तीन माले चढताना रोज माज्या दाराशी थांबून दम खातो. मना आतून ऐकू येतो ना."

सहा वर्षं मला वाटत होतं की मी त्याला टाळतोय.

मग तिने शुगरचे कागद मागितले. गेल्या सहा महिन्यांची डॉक्टरांची चिठ्ठी, रक्ताचे रिपोर्ट. आणि लगेच म्हणाली, "पण एक अडचण आहे. फॉर्ममध्ये तुमचं नातं ‘इतर’ आहे. रुग्णाचे वैद्यकीय कागद आम्ही जवळच्या नातेवाइकाकडूनच घेऊ शकतो."

"मी भाव हाय त्याचा. सख्खा."

"इथे तसं नाहीये, काका. काहीतरी पुरावा पाठवा, मी लगेच बदलून घेते."

दादूस आमच्या घरी आला. किल्ली वहिनीकडे होती. सुनंदा गावाला गेली की दर वेळी तिच्याकडेच ठेवायची, गेली सहा वर्षं. अबोला आम्हा दोघांचा होता, बायकांनी तो कधी धरलाच नव्हता, आणि हे मला माहीत नसलेलं बरं असं दोघींचं ठरलं होतं. कपाटातली फाईल त्याला दोन मिनिटांत सापडली. मी कागद कसे लावतो हे त्याला लहानपणापासून माहीत आहे. ती घेऊन तो रिक्षाने पनवेलला इक्बालभाईंकडे गेला. पॉलिसीच्या पाकिटावर त्यांच्या दुकानाचा शिक्का होता.

इक्बालभाई सांगतात, डॉक्टरांचे कागद स्कॅन करून पाठवायला पाच मिनिटं लागली. भाऊ असल्याचा पुरावा शोधण्यात तास गेला. रेशन कार्डं वेगळी. आधारवर वडिलांचं नाव आणि आडनाव सारखं, पण आमच्या तालुक्यात तेच आडनाव आणि बाळाराम नावाचे वडील असलेले गल्लीगल्लीत निघतील. पत्ता एकच, पण तसा तो इमारतीतल्या सगळ्यांचाच एक. सातबारा जुना, त्यावर फक्त वडील. लहानपणीचा एकत्र फोटो दादूसने पाकिटातून काढून दाखवला, पण तो कंपनीला कसा चालणार?

मग दादूस म्हणाला, "कोर्टाचा कागद चालंल?"

"कसला कागद?"

"यानी माज्यावर केस टाकली ना, त्याचा."

तो परत करंजाड्याला गेला आणि समन्सबरोबर आलेली दाव्याची प्रत घेऊन आला. प्लास्टिकच्या पिशवीत, घडी न मोडता ठेवलेली. इक्बालभाईंनी पहिलं पान वाचलं. कलम एक: वादी आणि प्रतिवादी हे कै. बाळाराम व कै. यमुना यांचे सख्खे मुलगे असून एकमेकांचे सख्खे भाऊ आहेत. कोर्टाचा शिक्का, आणि खाली प्रत्येक पानावर वादीची सही, म्हणजे माझी.

"साहेब," इक्बालभाई मला नंतर म्हणाले, "तीस बरस दुकान चालवतोय. रिश्ता साबित करायला भावाने भावावर केलेला मुकदमा लागलेला पहिल्यांदा पाहिला."

कागद गेला. कंपनीच्या मुलीने तो वाचून पुन्हा फोन केला आणि एवढंच विचारलं, "काका, म्हणजे तुमचं भांडण आहे?"

"हाय," दादूस म्हणाला. "पन ते वेगला."

आपल्याकडच्या चारच्या सुमारास हमीचं पत्र रुग्णालयात आलं.

मी जागा झालो तेव्हा सुनंदा उशाशी बसून मोसंबं सोलत होती. काही मिनिटांत वहिनीच्या नंबरवरून तिच्या व्हॉट्सॲपवर फोन वाजला. तिने उचलला, ऐकलं आणि माझ्या हातात दिला. सहा वर्षांनी दादूसचा आवाज माझ्या कानात आला. थोडा घोगरा झालाय.

"पाय कसा हाय?"

"दुखतोय."

"दुखनारच. शुगर खरी लिवलीस ते बरा केलास."

"हो."

मी फोन कानावरून काढायला लागलो. मला वाटलं ठेवला.

"सुरेश, इतर म्हंजे कोन रे?"

पॉलिसीचे चौदा रकाने मला पाठ होते.

"नाय, मना त्या पोरीनी इचारला. म्हनली, काका, तुमी यांचे इतर काय? मी काय सांगू तिला? बोलत नाय ते ठीक हाय. कोर्टात उबा केलास ते पन ठीक हाय, तिथं तरी भाव म्हनून उबा केलास. हितं फुकट इचारत व्हते तर इतर?"

"चुकलं, दादूस," मी म्हणालो. नुसतं एवढंच. पण हा शब्द तोंडातून निघाला आणि मला रडू आलं. सुनंदाने मोसंबं खाली ठेवलं आणि खिडकीपाशी गेली. पलीकडून दादूस म्हणाला, "बास आता. तिथल्या डाक्टरला वाटंल पाय जास्त दुखतो." आणि फोन वहिनीकडे दिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी शस्त्रक्रिया झाली. एक पट्टी, सहा स्क्रू. हालाँगच्या उपसागराबद्दल मला विचारू नका. तिथलं बोटीचं बुकिंग गेलं, आणि तो भाग मी रुग्णालयाच्या भिंतीवरच्या कॅलेंडरमध्ये पाहिला. सुंदर आहे. कंपनीने परतीच्या विमानात पाय लांब करता येईल अशी जागा दिली. जेवण, टॅक्सी असे किरकोळ खर्च सोडले तर आमच्या खिशातून फारसं काही गेलं नाही. पॉलिसीवर टीका करायला मला जागाच उरली नाही, याचं थोडं वाईटही वाटतं.

कोणती पॉलिसी घ्यावी असं आता लोक मला विचारतात, कारण मी काठी घेऊन चालतो आणि मला अनुभव आहे. मी सांगतो, साठीच्या पुढचा तक्ता बघा, आजार लपवू नका, दोघांच्याही फोनला रोमिंग घ्या, आणि गाईडला ‘डोंगर’ हा शब्द वापरू देऊ नका. त्यापुढचं प्रत्येकाने आपापल्या घरात बघावं.

घरी आल्यावर चौथ्या दिवशी दादूस वर आला. हातात पापलेटं होती. बसला, पायाकडे बघितलं, चहा प्यायला. मी म्हणालो, "मी वकिलाशी बोललोय. दावा मागे घेतो."

"कशाला?"

"आता काय उरलंय त्यात?"

"नावाचा काय?"

"तू म्हणशील ते."

"मी म्हनीन बालाराम निवास. आनि तू मनातून म्हनशील यमुना सदन." त्याने कप खाली ठेवला. "केस काढू नको. दोगांचा म्हनून तेवडाच एक कागद हाय. ऱ्हाऊं दे चालू."

सुनंदा स्वयंपाकघरातून म्हणाली, "वकिलाची फी?"

"अर्दी मी देतो," दादूस म्हणाला.

पुढच्या महिन्यात तारीख आहे. मला अजून एकट्याला रिक्षात चढता येत नाही, त्यामुळे वादीला कोर्टात प्रतिवादीच घेऊन जाणार आहे.